छोट्या ऑफिससाठी परवडणारा ॲक्सेस पॉइंट: मॉडेल शेवटी, आधी भिंती आणि वायर

ऑफिसात वाय-फाय नीट चालत नाही म्हटलं की पहिला उपाय ठरलेला असतो: जास्त अँटेनांचा, जास्त महाग राउटर आणायचा. आठवडाभर बरं वाटतं आणि मागच्या केबिनमधून पुन्हा तीच तक्रार येते. कारण राउटर जिथे होता तिथेच असतो. इंटरनेटवाल्याने फायबर जिथून आत आणली त्या कोपऱ्यात, बहुतेक वेळा एखाद्या लोखंडी कपाटावर. शिवाय वाय-फाय हा दोन्ही बाजूंचा मामला आहे. महागड्या राउटरचा सिग्नल मोबाइलपर्यंत पोचेलही, पण मोबाइलचा ट्रान्समीटर लहानच राहतो, त्याचं उत्तर परत पोचत नाही. स्क्रीनवर चार दांड्या दिसतात आणि व्हिडिओ कॉल मात्र अडकतो, तो यामुळे.

म्हणून छोट्या ऑफिसात एका दणकट डब्यापेक्षा दोन साधे, वायरने जोडलेले, छताला लावलेले ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने आलेलं नेटवर्क वाय-फाय करून पसरवणारे डबे (पुढे नुसतं एपी म्हणू), जास्त कामाचे. खर्चही आटोक्यात राहतो. खालची सगळी मांडणी नमुना म्हणून एका सीएच्या ऑफिसला धरून केली आहे: व्यापारी इमारतीत तिसरा मजला, १,४०० चौरस फूट, १८ माणसं, रिसेप्शन, एक हॉल, दोन केबिन, एक मीटिंग रूम आणि फायलींची खोली.

आधी मोजदाद

कागद घ्या आणि वायरलेस उपकरणं मोजा. माणसं नाही, उपकरणं. १८ मोबाइल, ८ लॅपटॉप, २ प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, मीटिंग रूममधला टीव्ही, येणाऱ्या क्लायंटचे चार-पाच मोबाइल. आकडा ३५ च्या आसपास जातो. खोक्यावर लिहिलेली शंभर-दोनशे उपकरणांची क्षमता ही नुसती जोडली जाण्याची असते, एका वेळी काम करण्याची नसते. साधा दोन-स्ट्रीमचा (एका वेळी डेटाचे दोन प्रवाह पाठवणारा) एपी २०-३० चालती उपकरणं निवांत सांभाळतो. त्यामुळे या ऑफिसला दोन एपी संख्येच्या हिशेबाने भरपूर झाले. खरा प्रश्न भिंतींचा आहे.

डेस्कटॉप मात्र या यादीत घेऊ नका. जे टेबल हलत नाही त्याला वायर द्या. टॅली वापरणाऱ्यांसाठी तर हा नियमच समजा. सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये डेटा ठेवून पाच-सहा जण एकदम एंट्री करत असतील, तर लिहिता लिहिता कनेक्शन तुटल्यावर डेटा बिघडू शकतो. वाय-फाय कितीही चांगलं असलं तरी अधूनमधून सेकंदभर घसरतंच. ब्राउझरला ते कळत नाही, टॅलीच्या फाइलला कळतं. प्रिंटरला नेटवर्क पोर्ट असेल तर त्यालाही वायरच. वायरलेस प्रिंटर गायब होण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

भिंती बघा

वाय-फायचे दोन बँड असतात: २.४ गीगाहर्ट्झ लांब पोचतो, ५ गीगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींपुढे लवकर थकतो. जिप्सम किंवा प्लायचं पार्टिशन ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल साधारण ३ डेसिबलने कमी करतं. विटेची प्लास्टर केलेली भिंत ६ ते १०, आणि काँक्रीटची भिंत, कॉलम किंवा लिफ्टचा खड्डा १५ च्या वर. ३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी, १० म्हणजे एक दशांश. या हिशेबाने दोन विटेच्या भिंती ओलांडून गेलेला ५ गीगाहर्ट्झ कामाचा उरत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. साध्या काचेचा त्रास नसतो, पण उन्हासाठी लावलेली चकाकणारी फिल्म असेल तर त्यात धातूचा थर असू शकतो आणि सिग्नल तिथेच अडतो. फायलींच्या खोलीतली लोखंडी कपाटांची रांग हीसुद्धा एक भिंतच.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर एक साधी चाचणी आहे. कुठलाही राउटर एक्स्टेंशन बोर्डावर घेऊन, शिडीवर किंवा कपाटावर, जिथे एपी लावायचा विचार आहे तिथे ठेवा. अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं ॲप घ्या. प्रत्येक टेबलावर मोबाइल ठेवून दहा सेकंद थांबा आणि ५ गीगाहर्ट्झचा आकडा लिहून घ्या. उणे ६५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून चांगला (म्हणजे उणे ६०, उणे ५५) असेल तर उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतात. उणे ७२ च्या खाली गेलेलं टेबल दुसऱ्या एपीच्या वाट्याचं. खोलीचं दार बंद करून मोजा, कारण मीटिंग चालू असताना ते बंदच असतं.

आपल्या नमुन्यात पहिला एपी हॉलच्या मध्यावर येतो आणि दुसरा मीटिंग रूम व केबिनांच्या मधल्या पॅसेजच्या तोंडाशी. लांबट पॅसेजच्या बरोबर मध्ये लावण्याचा मोह होतो. पण तिथून सिग्नल पॅसेजभर पळतो आणि खोल्यांत मात्र भिंतीतून जावं लागतं. ज्या खोलीत माणसं जास्त, एपी त्या खोलीत.

वायर: खरा खर्च इथे करा

एपीपर्यंत वायर न्यायची नाही म्हणून बरेच जण मेशकडे वळतात. साध्या मेशमध्ये दुसरा डबा पहिल्याशी हवेतून बोलतो आणि त्याच रेडिओवरून तुमच्याशीही बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. घरात खपतं. ऑफिसात केसिंग-कॅपिंग करून कॅट-६ (नेटवर्कची केबल) टाकणं एका दिवसाचं काम आहे, ते करून घ्या.

केबल घेताना शुद्ध तांब्याचीच घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास कॅट-६ म्हणून विकली जाते. ३०५ मीटरचा डबा दुसऱ्या डब्याच्या निम्म्या भावात मिळत असेल तर तीच. ओळखायला ब्लेडने तार खरवडा: आत पांढरट चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. दोन-तीनदा वाकवली की तुटते तीही तीच. पीओई या पद्धतीत (तिच्याबद्दल पुढे) एपीला वीजही याच तारेतून जाते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, म्हणून लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि एपी अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. दोष एपीचा वाटतो, तो वॉरंटीत पाठवला जातो, नवा येतो आणि तसाच वागतो.

स्विचपासून (सगळ्या नेटवर्क वायरी जिथे एकत्र येतात तो डबा) एपीपर्यंत, टोकांच्या छोट्या जोडवायरींसकट, १०० मीटर ही मर्यादा. १,४०० चौरस फुटांत ती कधी गाठली जात नाही. वरच्या टोकाला दोन-तीन मीटरचं वेटोळं फॉल्स सीलिंगवर सोडून ठेवा, उद्या एपी सरकवायचा झाला तर उपयोगी पडतं. विजेच्या वायरींसोबत एकाच पट्टीत केबल कोंबू देऊ नका. वायरमनला ते सोपं पडतं म्हणून तो करतोच, त्यामुळे समोर उभं राहून सांगा.

क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला जॅक बसवताना, आठही तारा लागतात. एखादी तार नीट बसली नाही तर लिंक १,००० ऐवजी १०० मेगाबिटवर येते आणि सगळं चालू दिसत असल्याने महिनोन् महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. काम झाल्यावर एपीच्या सेटिंगच्या पानावर जाऊन इथरनेटचा वेग १,००० दाखवतो का ते बघा, मगच पैसे द्या.

पीओई स्विच: इथे हमखास फसगत

पीओई म्हणजे नेटवर्कच्याच वायरमधून वीज. एपीजवळ प्लग नको, ॲडॉप्टर नको. पण छोट्या ऑफिसात भेटणारे प्रकार तीन आहेत. ८०२.३एएफ पोर्टवर १५.४ वॅट देतो, वायरीतली घट धरून उपकरणाला १२.९५ मिळतात. ८०२.३एटी ३० वॅट देतो, उपकरणाला २५.५. तिसरा पॅसिव्ह पीओई, बहुधा २४ व्होल्टचा, समोर कोण आहे न विचारता वीज ढकलणारा. त्यावर भलतंच उपकरण लावलं तर ते जळू शकतं. पहिले दोन मात्र आधी समोरच्याला विचारतात, नंतर वीज देतात.

एपीला एटी हवं आणि स्विच एएफ असेल तर एक तर तो चालूच होत नाही किंवा कमी शक्तीवर चालतो. म्हणून जोडी बघून घ्या. टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतला ईएपी२२५ एएफवर चालतो, ईएपी६१० साठी एटी लागतं. युबिक्विटीच्या युनिफाय मालिकेतला यू६ प्लस एएफवर भागवतो, पण त्याच्या खोक्यात पॉवर ॲडॉप्टर येत नाही. स्वस्त म्हणून मागवला आणि लावायला काहीच नाही, असं होतं.

आता फसगत. सीसीटीव्हीच्या दुकानात आठ पीओई पोर्टचा स्विच स्वस्तात मिळतो. त्याचे पीओई पोर्ट १०० मेगाबिटचे असतात, कारण कॅमेऱ्याला तेवढे पुष्कळ. वर राउटरकडे जाणारे दोन अपलिंक पोर्ट गिगाबिटचे असतात, म्हणून खोक्यावर गिगाबिट हा शब्द मोठा छापलेला असतो. त्यावर लावलेला कुठलाही एपी ९४-९५ मेगाबिटच्या पुढे जाणार नाही. इंटरनेट ३०० चं घेतलंय आणि मिळतंय ९४, अशी तक्रार असेल तर ९० टक्के गोम इथे किंवा क्रिम्पिंगमध्ये असते. विचारायचं एवढंच: पीओईचा प्रत्येक पोर्ट गिगाबिट आहे का, आणि सगळ्या पोर्टांना मिळून एकूण किती वॅट? चार पीओई पोर्ट आणि ६०-६५ वॅट या ऑफिसला व्यवस्थित पुरतात.

हा स्विच, राउटर आणि फायबरचा डबा एकाच यूपीएसवर घ्या. दोन एपी धरून एकूण भार ४५ वॅटच्या आसपास. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ ॲम्पियर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. घट धरून नव्या बॅटरीवर पाऊण ते एक तास निघतो. वीज गेल्यावर लॅपटॉपवरचं काम थांबत नाही, हा पीओईचा खरा फायदा.

खोक्यावरचे आकडे

एएक्स१८०० मधला १८०० हा दोन्ही बँडची बेरीज करून वर ढकललेला आकडा: २.४ गीगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गीगाहर्ट्झवर १,२०१. एक मोबाइल एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे बेरजेला अर्थ नाही. त्यातही १,२०१ हा ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवरचा, एपीच्या खाली उभं राहून मिळणारा लिंकचा वेग. ४० वर तो ५७४ होतो. प्रत्यक्ष फाइल उतरवताना यातला निम्म्याहून थोडा जास्त हाती लागतो. म्हणजे ४० वर ३०० मेगाबिट. एचडी व्हिडिओ कॉलला ४ मेगाबिट पुरतात हे लक्षात घेतलं तर तेवढं पुष्कळ आहे.

मग कोणती पिढी? नवं घेताना वाय-फाय ६, म्हणजे ८०२.११एएक्स. गर्दीत अनेक उपकरणांना एकाच वेळी थोडं थोडं देण्याची सोय त्यात आहे. वाय-फाय ५ चा एपी हाती असेल तर फेकू नका, रिसेप्शनला लावा. वाय-फाय ७ साठी या आकाराच्या ऑफिसने जास्तीचे पैसे मोजू नयेत. ते पैसे दुसऱ्या एपीत घाला. चार-स्ट्रीमचे महाग एपी हेही तसंच: मोबाइल आणि लॅपटॉप जवळपास सगळे दोन-स्ट्रीमचे असतात.

नाव नव्या पिढीचं आणि आत अर्धी जुनी, असेही स्वस्त नमुने आहेत. युनिफाय यू६ लाइटमध्ये ५ गीगाहर्ट्झला वाय-फाय ६ आहे, २.४ ला मात्र वाय-फाय ४. चालतं, पण माहीत असावं.

मॉडेल निवडताना

आता कुठे दुकान उघडायचं. परवडणाऱ्या गटात, म्हणजे एका नगाला साधारण पाच ते बारा हजार रुपये, फरक वेगाचा फारसा नसतो. फरक असतो तो सांभाळायचे कसे याचा. ओमाडाचे एपी कंट्रोलरशिवाय (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा), प्रत्येक वेगळा सेट करूनही चालतात, आणि हवा असेल तर कंट्रोलरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजच्या मशीनवर बसतं. दोन-तीन एपींच्या ऑफिसला हे सोयीचं. युनिफायचं सॉफ्टवेअरही फुकट आणि दिसायला सुबक, पण कंट्रोलर नसेल तर फारच थोड्या गोष्टी करता येतात. ग्रँडस्ट्रीमच्या जीडब्ल्यूएन मालिकेत कंट्रोलर एपीमध्येच असतो, एक एपी बाकीच्यांचा मुकादम होतो. एचपीईच्या इन्स्टंट ऑनचा कारभार क्लाउडवरून आणि मोबाइल ॲपवरून चालतो, वार्षिक फी नाही. आयटीवाला कोणी नाही अशा ऑफिसला मी यातलं इन्स्टंट ऑन किंवा ओमाडा सुचवेन. नेटवर्कवाला महिन्याला येणार असेल तर युनिफाय.

दोन्ही एपी एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच मॉडेलचे घ्या. घरगुती राउटर एपी मोडवर टाकूनही काम चालतं, पण तो टेबलावर बसायला बनवलेला असतो, बहुतेकांत पीओई नसतं आणि दोघांचं चॅनेल-पॉवर वेगवेगळं सांभाळत बसावं लागतं.

जुन्या बाजाराबद्दल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे मोठ्या कंपन्यांतून निघालेले एपी हजार-दीड हजारात दिसतात. सिस्को मेराकी असेल तर त्याला चालू परवाना लागतो, तो संपला की सवलतीच्या मुदतीनंतर नेटवर्क बंद. सिस्कोचे जुने लाइटवेट एपी कंट्रोलर सापडल्याशिवाय काम करत नाहीत. स्वस्त म्हणून घेतलेला तो डबा छताला शोभेपुरता उरतो.

बिल ऑफिसच्या जीएसटी क्रमांकावर घ्या. या सामानावर १८ टक्के कर आहे आणि नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. ऑनलाइन घेताना हे राहून जातं. भारतात विक्रीचाच नग आहे आणि वॉरंटी इथली आहे, हेही बिलावरूनच कळतं.

लावणं

गोल, ताटलीसारखे एपी छताला, तोंड खाली करून लावायला बनवलेले असतात. भिंतीवर उभे लावले की सिग्नलचा मोठा भाग पुढच्या भिंतीकडे आणि मागे शेजारच्या ऑफिसात जातो. फॉल्स सीलिंगच्या वर लपवू नका. तिथे एसीचे डक्ट, पत्र्याचे चॅनेल आणि उकाडा, तिन्ही त्रासदायक. जिप्समच्या सीलिंगला साधा स्क्रू धरत नाही, मागे प्लायचा तुकडा किंवा योग्य अँकर द्या. पंख्याच्या पात्यापासून दूर, दोन-अडीच फूट तरी. दोन एपींमध्ये निदान एक भिंत किंवा ३०-३५ फूट अंतर हवं, नाहीतर एकमेकांचेच अडथळे होतात.

सेटिंग

इंटरनेटवाल्याच्या डब्याचं वाय-फाय आधी बंद करा. हे राहिलं तर बाकीचं सगळं करून उपयोग नाही, कारण अर्धे मोबाइल जुन्या नावालाच चिकटून राहतात. आयपी पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, एकाच उपकरणाकडे ठेवा.

२.४ गीगाहर्ट्झवर रुंदी २० आणि चॅनेल १, ६, ११ यांपैकीच. ३ किंवा ४ मोकळा दिसला तरी घेऊ नका, तो दोन्ही बाजूंचा गोंधळ ओढून घेतो. पहिला एपी १ वर, दुसरा ६ किंवा ११ वर. ५ गीगाहर्ट्झवर पहिला ३६, दुसरा १४९, रुंदी ४०. इमारतीत शेजार कमी असेल तर ८० करून बघा. ५२ ते १४४ चे चॅनेल रिकामे दिसतात, पण तिथे रडारला मान द्यावा लागतो. एपीला रडारची चाहूल लागली की तो चॅनेल सोडून पळतो, आणि चालू होतानाही किमान मिनिटभर ऐकत बसतो. विमानतळाच्या परिसरात ते नकोच.

पॉवर दोन्ही बँडला कमाल ठेवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. २.४ लांब पोचतं, म्हणून मोबाइल त्याच्याच मागे लागतात. २.४ ची पॉवर ५ पेक्षा ६-७ डेसिबलने कमी ठेवा: उदाहरणार्थ २.४ ला ११-१२ डीबीएम, ५ ला १८. म्हणजे ५ आपोआप बरा वाटू लागतो. दोन्ही एपींवर नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः एकसारखा असू द्या. कुठल्या एपीवर जायचं हे मोबाइल ठरवतो, एपी नाही. ८०२.११के आणि व्ही या सोयी चालू करा, त्या मोबाइलला बरा एपी फक्त सुचवतात. ८०२.११आर (एपी झटकन बदलण्याची सोय) मात्र जुना प्रिंटर किंवा लॅपटॉप जोडला जात नसेल तर बंद करा.

नावं तीनपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक नाव सेकंदाला दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं आणि हवेतला वेळ खातं. एक स्टाफचं, डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ (पासवर्ड-सुरक्षेचा जुना आणि नवा प्रकार) मिश्र. एक पाहुण्यांचं, आतल्या नेटवर्कपासून तोडलेलं, वेगाला मर्यादा घालून. तिसरं फक्त २.४ वर, नुसतं डब्ल्यूपीए२, हजेरीचं मशीन आणि जुन्या प्रिंटरसाठी, कारण अशा बहुतेक यंत्रांना ५ गीगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही कळत नाहीत. प्रिंटर चुकून पाहुण्यांच्या नेटवर्कवर गेला तर जोडलेला दिसतो पण सापडत नाही. क्लायंटच्या फायली असलेल्या ऑफिसात पाहुण्यांना स्टाफचा पासवर्ड कधीच देऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

तपासणी

पहिला वेग वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर मोजा. तो कमी असेल तर वाय-फायला हात लावू नका. मग प्रत्येक टेबलावर पुन्हा डीबीएम. त्यानंतर लॅपटॉपवर दोन खिडक्यांत सतत पिंग (उत्तर किती वेळात येतं ते दाखवणारी आज्ञा) लावा, एक राउटरच्या पत्त्याला, दुसरा ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला, आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवून ऑफिसभर फिरा. राउटरचं उत्तर २ ते १० मिलीसेकंदांत यायला हवं, क्वचित ३०-४०. तेच वारंवार शंभरावर जात असेल तर दोष वाय-फायचा. राउटर ठीक आणि ८.८.८.८ डळमळतोय तर इंटरनेटवाल्याला फोन करा, एपी बदलू नका. एका एपीकडून दुसऱ्याकडे जाताना एखाद-दुसरं उत्तर चुकलं तर हरकत नाही.

पैसे चुकते करण्याआधी

नेटवर्कवाल्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: कंट्रोलरचं मालकी खातं ऑफिसच्या ईमेलवर, एपी व राउटरचे ॲडमिन पासवर्ड, सेटिंगची बॅकअप फाइल, आणि कोणती केबल कुठे जाते याचा साधा नकाशा. खातं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर राहिलं आणि वर्षभराने त्याचा फोन लागेनासा झाला, तर प्रत्येक एपी शिडीवर चढून रीसेट करून, सगळं पहिल्यापासून मांडण्यावाचून इलाज नसतो. इन्स्टंट ऑनसारख्या क्लाउडवाल्या एपीमध्ये तर जुन्या खात्यातून नाव निघाल्याशिवाय नव्या खात्यात घेणंही अडतं, आणि मग खरेदीचं बिल घेऊन कंपनीच्या सपोर्टच्या मागे लागावं लागतं.